ओल्या फडक्याचा आळ
(१९९९ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि कॉम्प्युटरवर बोलू नकोस अशी तंबीही दिली आहे. तंबी मी पाळणार आहे. माझ्या आधी बोललेल्या सगळ्यांनी छड्यांच्या, डब्यांच्या, पावसात बुडालेल्या मैदानाच्या आठवणी सांगितल्या. माझी आठवण जरा वेगळी आहे. ती खरं तर कबुली आहे. पंचवीस वर्षं उशिरा आलेली.

आपल्या शास्त्राच्या प्रयोगशाळेतलं शेवटचं कपाट आठवतंय का? खालच्या खणात सांगाड्याची पेटी, मधल्या खणात तुटक्या काचेचे लोलक आणि वरच्या खणात एक राखाडी रंगाचा जड डबा. त्याला बशीएवढा हिरवा पडदा आणि वीस-पंचवीस बटणं. आपण त्याला ‘छोटा टीव्ही’ म्हणायचो. त्याचं खरं नाव ऑसिलोस्कोप. खोपोलीच्या एका कारखान्याने नवीन यंत्रं घेतली तेव्हा हे जुनं यंत्र शाळेला दिलं होतं. विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो, ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारं हे उपकरण. कारखान्यात ते दुसरी बिघडलेली यंत्रं तपासायला वापरत. आपल्याकडे बाई वर्षातून एकदा त्याला माइक जोडायच्या आणि आपल्याला एकेक करून ‘आ’ म्हणायला लावायच्या. प्रत्येकाचा ‘आ’ पडद्यावर वेगळा दिसायचा. खेड्यातल्या शाळेत असा ऑसिलोस्कोप असणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

१९९९ च्या जानेवारीत तो डबा बंद पडला. का बंद पडला, हे त्या वेळी सगळ्या शाळेला माहीत होतं. आपल्या प्रयोगशाळेच्या मामांनी आदल्या दिवशी तो ओल्या फडक्याने पुसला होता. पाणी आत गेलं, म्हणून यंत्र जळलं. मोठ्या सरांनी मामांना सगळ्यांसमोर विचारलं, “फडकं ओलं होतं की नाही?” मामा म्हणाले, “होतं, सर.” विषय तिथेच संपला. मामांकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. पुढची दोन वर्षं ते फक्त घंटा देत होते आणि पाण्याची टाकी भरत होते.

मी तेव्हा तिथेच उभी होते. आणि यंत्र कधी जळलं ते मला ठाऊक होतं, कारण ते माझ्या हातात जळलं होतं.

झालं असं. मधल्या सुट्टीत बाईंनी मला तक्ते आणायला किल्ली देऊन पाठवलं. तक्ते घेतले आणि तो डबा दिसला. कोणी नसताना एकदा स्वतःच्या हाताने ती हिरवी रेघ बघावी, एवढंच मनात होतं. प्लग लावला, बटण दाबलं. दिवा लागला. मी श्वास रोखून पडद्याकडे बघत होते. आणि ‘फट्’ असा आवाज झाला, दिवा विझला, मागच्या जाळीतून पांढरा दाट धूर आला. जळक्या कागदाचा आणि माशांचा एकत्र यावा तसा वास. मी प्लग उपटला, खिडकी उघडली, धूर जाईपर्यंत तक्त्यांनी वारा घातला, कुलूप लावलं आणि वर्गात येऊन बसले. पूर्वपरीक्षा जवळ आली होती, घरी कळलं असतं तर काय झालं असतं, वगैरे सगळी कारणं माझ्याकडे होती. मामांना विचारलं गेलं तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतली, नोकरी मात्र सॉफ्टवेअरमध्ये मिळाली. गेली वीस वर्षं ऐरोलीच्या ऑफिसात बसून बँकांच्या व्यवहारांचे प्रोग्राम लिहिते. सोल्डरिंगची इस्त्री हातात धरली ती कॉलेजातच.

मागच्या वर्षी या मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा आम्ही चार-पाच जण शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेचं नूतनीकरण चाललं होतं. व्हरांड्यात भंगारात काढायच्या सामानाचा ढीग होता आणि त्या ढिगात एका जुन्या चादरीत बांधलेला तो डबा. चादर सोडली. वर एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली: ‘पाणी गेल्यामुळे बंद. जाने. ९९.’

ती चिठ्ठी वाचून मला घाम फुटला. हेडमास्तरांची परवानगी घेऊन डबा गाडीत टाकला आणि थेट गेले आपल्या वर्गमित्राच्या दुकानात. कर्जत स्टेशनाजवळ त्याचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, तुम्ही सगळे त्याला ओळखता. तो बघा, मागे उभा राहून माझ्याकडे डोळे वटारतोय. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दर रविवारी ये. प्लग मात्र लगेच लावायचा नाही.”

हा पहिला धडा. जुनं यंत्र हातात आलं की आपला पहिला मोह असतो, लावून तर बघू. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्राला असा थेट प्लग लावला तर एका बिघाडाचे चार होतात. आधी डोळ्यांनी बघायचं, नाकाने हुंगायचं. आणि इथे एक सूचना, विशेषतः इथे बसलेल्या मुलांसाठी: ऑसिलोस्कोपच्या पडद्यामागे हजार-दोन हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतात. जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय असं झाकण उघडू नका. आम्ही उघडलं तेव्हा माझा डावा हात खिशात होता. दोन्ही हात आत घातले तर झटका छातीतून जातो, म्हणून.

झाकण निघालं. आत धुळीचा मऊ, सलग थर. मित्राने बॅटरी मारली आणि पहिलंच वाक्य बोलला, “पाणी कुठे गेलंय दाखव.”

मी बघत राहिले. पाणी आत गेलं असतं तर धुळीवर थेंबाचे डाग दिसले असते, ओघळ दिसला असता, स्क्रू गंजले असते, तांब्याच्या रेषांवर हिरवट बुरशीसारखी पूड आली असती. यातलं काहीही नव्हतं. धूळ विस्कटलेलीसुद्धा नव्हती. वर चिठ्ठी होती ‘पाणी गेल्यामुळे’ आणि आत पाण्याची एक खूण नाही. झाकण उघडायला चार स्क्रू लागतात, मित्रांनो. पंचवीस वर्षांत ते चार स्क्रू कोणी काढले नव्हते.

मग आम्ही वीज जिथून आत येते तिथून सुरुवात केली. प्लग, वायर, बटण, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, हा क्रम. फ्यूज काढला. काचेची ती छोटी नळी आतून काळी ठिक्कर. मित्र म्हणाला, “हे बघ, फ्यूजची तार मधेच नुसती तुटली असती तर म्हटलं असतं, थोडा जास्त भार बराच वेळ चालला. काच काळी झाली म्हणजे एका क्षणात भसकन करंट गेलाय. शॉर्ट आहे. आणि जवळच आहे.”

जवळच होता. बटण आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मध्ये, फेज आणि न्यूट्रलला जोडलेला एक पिवळसर पारदर्शक ठोकळा, चिंचोक्यापेक्षा जरा मोठा. एका बाजूने फुटलेला, आतून काळी राख बाहेर आलेली. हा कपॅसिटर. बाहेरच्या विजेतली खरखर आत येऊ नये आणि आतली बाहेर जाऊ नये, एवढंच त्याचं काम. त्या काळी तो धातूचा मुलामा दिलेल्या कागदाच्या गुंडाळीचा करत आणि वरून एक कडक राळ ओतून बंद करत. वर्षं गेली की त्या राळेला बारीक भेगा पडतात. भेगांतून दमट हवा आत शिरते. कागद ओल धरतो. मग एक दिवस त्याला पूर्ण दाब मिळाला की तो आतून तापतो आणि फुटतो. ‘फट्’ असा आवाज, पांढरा दाट धूर आणि जळक्या कागदाचा वास. माझ्या त्या मधल्या सुट्टीतलं अगदी सगळं जमत होतं.

म्हणजे पाणी होतं. पण ते मामांच्या फडक्यातलं नव्हतं. आपल्या पावसातलं होतं. कर्जत-खालापुरात जुलै महिन्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ बरणीत पाणी सोडतं, आगपेटी पेटत नाही. असे दहा-पंधरा पावसाळे त्या कागदाने पिऊन घेतले होते. त्या दिवशी मी बटण दाबलं, दुसऱ्या दिवशी बाईंनी दाबलं असतं, कोणीही दाबलं असतं, तरी तो फुटणारच होता.

हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. मित्राने पुढचं वाक्य बोलून ती सोय ठेवली नाही. तो म्हणाला, “हा नसला तरी यंत्र चालतं. त्या दिवशी कोणी एवढा काढून नवा फ्यूज घातला असता, तर संध्याकाळी चालू झालं असतं. मेकॅनिकला फक्त एक वाक्य पाहिजे होतं. बटण दाबल्यावर पाच सेकंदांत मागून धूर आला. हे बघणारं कोणीच नव्हतं ना.”

बघणारी होती. तिसऱ्या बाकावर बसली होती.

त्यापुढचे रविवार खऱ्या दुरुस्तीचे. ते थोडक्यात सांगते, पण सांगते, कारण मला त्यात माझी आणखी एक चूक सापडली.

आधी पॉवर सप्लाय म्हणजे काय ते. आपल्या भागातल्या माणसाला हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटमाथ्यावर चार महिने धो धो पाऊस पडतो, मग आठ महिने कोरडे. मुंबईच्या गिरण्यांना मात्र वीज बारा महिने सारखी हवी होती. म्हणून लोणावळा, वळवण, शिरवटा ही धरणं बांधली, भिवपुरीसाठी ठोकरवाडीचं धरण बांधलं. पावसाचं पाणी तिथे साठवायचं आणि मोठ्या नळांतून घाटाखाली हवं तेवढं सोडायचं. शाळेच्या सहलीत आपण ते नळ पाहिलेत.

यंत्राच्या आत हेच लहान प्रमाणात चालतं. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब खाली उतरवतो. ही वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते. डायोड तिला एकाच दिशेने जाऊ देतात, पण ती येते सरीवर सर यावी तशी, सेकंदाला शंभर सरी. मग मोठा कपॅसिटर, हे आपलं धरण. सर आली की भरतो, सर ओसरली की पुरवतो. त्याच्या पुढे रेग्युलेटर, म्हणजे झडप. ती दाब एका आकड्यावर धरून ठेवते. आमच्या डब्यात अशा अनेक वाटा होत्या: एक अधिक बारा व्होल्टची, एक उणे बाराची, एक पाचची आणि पडद्यासाठी वेगळी, फार मोठ्या दाबाची.

फुटलेला कपॅसिटर काढला, त्याजागी नवीन प्लॅस्टिकच्या पट्टीचा बसवला, फ्यूज बदलला. वीज न देता प्रत्येक वाट मल्टिमीटरने जमिनीशी मोजली. कुठेही शॉर्ट नव्हता. मग मित्राने सिरीज बोर्ड काढला. लाकडी पाटीवर शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब आणि एक सॉकेट. यंत्राला वीज जायची ती त्या बल्बातून. यंत्रात शॉर्ट असला तर बल्ब लखलखतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असलं तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. हजारो रुपयांची उपकरणं जे सांगतात ते हा बल्ब सांगतो.

बटण दाबलं. बल्ब उजळला, मंद झाला. मी टाळी वाजवणार तेवढ्यात, तीन-चार सेकंदांनी, तो पुन्हा लखकन पेटला. मित्राने प्लग काढला. थोडं थांबून पुन्हा मोजलं. उणे बारा व्होल्टच्या वाटेवर मघाशी आठशे ओहम होते, आता जेमतेम दोन. दाब मिळताच आत काहीतरी मोडून शॉर्ट झालं होतं.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. मी म्हणाले, “रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर गेला. पुस्तकात पहिलं कारण तेच असतं.” तो म्हणाला, “मोजलंस?” मी म्हणाले, “मोजायला कशाला हवं, उघड आहे.” त्याने इस्त्री माझ्या हातात दिली. अर्धा तास खपून, एक तांब्याची रेष उचकटून मी तो ट्रान्झिस्टर काढला. तपासला. उत्तम होता. नवा घातला तरी असता, तरी शॉर्ट तिथेच राहिला असता.

मित्र शांतपणे म्हणाला, “फडकं ओलं होतं का?”

आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. तेच केलं होतं मी. जे समोर दिसलं, जे पटकन सुचलं, जे पूर्वी ऐकलं होतं, त्याच्यावर आळ घेतला आणि मोजणं राहून गेलं. मोठे सर काही वाईट नव्हते. त्यांनी एका ओल्या फडक्याला आणि एका बंद यंत्राला एकमेकांशेजारी पाहिलं आणि गाठ मारली. ट्रान्झिस्टरला निदान बोलता येत नाही. मामांना येत होतं, पण त्यांना विचारला तो प्रश्नच असा होता की त्याचं खरं उत्तर त्यांच्या विरुद्ध जात होतं.

मग रीतसर शोध घेतला. उणे बाराच्या वाटेला अकरा जागी फाटे होते आणि बहुतेक प्रत्येक फाट्यावर एक छोटा कपॅसिटर. एकेक काढत बसलं तर बोर्डाची चाळण झाली असती. मित्राने दुकानातल्या छोट्या सप्लायमधून एक व्होल्टपेक्षाही कमी दाब, करंट बांधून, त्या वाटेत सोडला. एवढ्याशा दाबाने काही जळत नाही. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून वाटेवर एकेका जागी टोक टेकवत गेलो. करंट जिथून निसटतो त्या दिशेला आकडा थोडा थोडा उतरत जातो, ती जागा ओलांडली की पुढे उतरायचा थांबतो. आपण म्हणतो ना, पाणी कुठे मुरतंय ते बघा. अगदी तसंच. आकडा सर्वांत कमी जिथे आला तिथे मसूरडाळीएवढा निळा थेंब होता. टँटलमचा कपॅसिटर. वर्षानुवर्षं पडून राहिला की यातला एखादा पहिल्याच दाबाला असा शॉर्ट होतो. बाहेरून बघाल तर शेजारच्या दहांसारखाच, डाग नाही, भेग नाही. तो काढला, दोन ओहमचे आठशे झाले. काही रुपयांचा भाग.

पुन्हा सिरीज बोर्ड. बल्ब उजळला, मंद झाला, मंदच राहिला. दहा मिनिटं थांबलो. मग बल्ब काढून सरळ वीज दिली. पडद्यावर हळूहळू हिरवा उजेड आला. रेघ आली! पण सरळ नव्हती. माथेरानच्या डोंगरांसारखी वरखाली. अधिक बारा व्होल्टच्या वाटेवर मीटर एसीवर ठेवून मोजलं तर दीड व्होल्ट हेलकावा. धरण गाळाने भरलं होतं. मोठ्या कपॅसिटरमधलं द्रव पंचवीस वर्षांत सुकून गेलं होतं, साठा उरला नव्हता, आलेली सर तशीच पुढे जात होती. तो बदलला. त्या मालिकेतले बाकीचेही बदलले. आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, कर्जतच्या त्या दुकानात, घाटात जाणाऱ्या गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा भोंगा वाजत असताना, पडद्यावर एक सरळ, शांत, हिरवी रेघ उभी राहिली.

१९९९ साली जी बघायची होती ती.

तीन बिघाड निघाले. पहिला पावसाने केला होता. दुसरा आणि तिसरा, म्हणजे ते निकामी पडून राहणं, पंचवीस वर्षं वीज न मिळणं, तो मी केला होता. गप्प बसून. यंत्राच्या बाबतीत तरी हे मोजून सांगता येतं.

यंत्र चालू झाल्यावर एक काम उरलं होतं. फुटलेला पिवळा कपॅसिटर एका डबीत घालून मी मामांकडे गेले. ते आता खालापूरजवळ आपल्या गावी असतात, वय सत्तरीच्या पुढे. ओटीवर बसून भाताच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. मला ओळखलं, मामींना चहा ठेवायला सांगितलं. मी वाटेत फार मोठं भाषण जुळवलं होतं. ते काही आलं नाही. डबी उघडली आणि म्हणाले, “मामा, ते मशीन मी लावलं होतं. माझ्या हातात जळलं. तुमच्या फडक्याने नाही.”

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा म्हणतील, जाऊ दे पोरी, झालं ते झालं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. तो फुटका तुकडा हातात घेतला, चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, “म्हणजे फडकं नव्हतं?”

मी म्हणाले, “नव्हतं, मामा. आत एक थेंब गेला नव्हता.”

ते म्हणाले, “मला वाटलं माझ्याच हातनं झालं.”

मित्रांनो, मी इतकी वर्षं समजत होते की मामांना आपण निर्दोष आहोत हे ठाऊक असणार, त्यांना फक्त अन्याय सोसावा लागला. तसं नव्हतं. त्यांनी तो आळ खरा मानला होता. त्यांनी फडकं खरंच ओलं केलं होतं, यंत्र खरंच बंद पडलं होतं, मोठी शिकलेली माणसं सांगत होती. मामी आतून म्हणाल्या, “तेव्हापासून घरात टीव्हीला कधी हात लावला नाही ह्यांनी. पुसायचा झाला तर मला सांगायचे.” मी ज्याचा मनात ओझं म्हणून उल्लेख करायचे ते माझं ओझं नव्हतंच. ते दुसऱ्याच्या डोक्यावर होतं.

आणि आणखी एक. मी विचारलं, “डबा चादरीत कोणी बांधला होता?” तर म्हणाले, “मीच. किल्ली परत मिळाल्यावर दर मे महिन्यात बांधायचो, दिवाळीला सोडून उन्हात ठेवायचो. रिटायर झालो त्या वर्षी नव्या पोराला सांगून आलो, ह्याला भिजू देऊ नको.” आपण बिघडवलं असं ज्याला वाटत होतं, त्या माणसाने ते इतकी वर्षं जपलं. ट्रान्सफॉर्मर आणि पडद्याची नळी शाबूत मिळाली ती त्यामुळे. त्या दोन वस्तू गेल्या असत्या तर आज नव्या मिळाल्या नसत्या आणि आमचे सगळे रविवार फुकट गेले असते.

निघताना मी विचारलं, “मेळाव्यात हे सगळ्यांसमोर सांगू का?” ते जरा विचार करून म्हणाले, “सांग. पण माझं नाव माइकवर घेऊ नको. मला लाज वाटते.” म्हणून मी नाव घेतलेलं नाही. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मामा, मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझं चुकलं.

माझ्या कामाबद्दल एकच गोष्ट बोलते, तंबी थोडी मोडते. आमच्याकडे रात्री-अपरात्री एखादी मोठी यंत्रणा कोसळली की दुसऱ्या दिवशी बैठक होते. तिचा नियम असतो की आधी ‘काय झालं’ विचारायचं, मिनिटाच्या हिशोबाने. ‘कोणी केलं’ हा प्रश्न त्या खोलीत विचारायचा नाही. हा काही आमचा मोठेपणा नव्हे. ‘कोणी केलं’ विचारलं की ज्याने पाहिलेलं असतं तो गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की बिघाड सापडत नाही. अशा कितीतरी बैठका मी घेतल्या. नव्या मुलांना हा नियम मोठ्या थाटात समजावला. दर वेळी मला एक ओलं फडकं आठवायचं आणि मी विषय पुढे न्यायचे.

आता शेवटचं. ऑसिलोस्कोप आज बाहेर व्हरांड्यात टेबलावर ठेवला आहे, चालू आहे. माइक जोडला आहे. जेवणानंतर सगळ्यांनी तिथे जाऊन एकदा ‘आ’ म्हणायचं आहे. आवाज बदललेत आपले, बघू रेघ किती बदलली. बाई, पहिला ‘आ’ तुमचा.

आपल्या तुकडीतर्फे आम्ही प्रयोगशाळेला तीन वस्तू देत आहोत. एक मल्टिमीटर, एक सिरीज बोर्ड, जो मित्राने स्वतः बनवलाय, आणि एक जाड नोंदवही. तिच्यात काही मोडलं, फुटलं, जळलं तर लिहायचं. रकाने आम्हीच आखून दिलेत: तारीख, वेळ, वस्तू, काय करत असताना झालं, काय दिसलं, कसला आवाज, कसला वास. नाव लिहायचा रकाना नाही. हेडमास्तरांनी ते मान्य केलंय, त्यांचे आभार.

वहीतली पहिली नोंद मी काल संध्याकाळी लिहिली. जानेवारी १९९९, मधली सुट्टी. बटण दाबल्यावर साधारण पाच सेकंदांनी मागच्या जाळीतून पांढरा धूर. ‘फट्’ असा आवाज. जळक्या कागदाचा वास. त्या पानावर, रकाना नसताना, मी खाली सही केली आहे.

आणि डब्यावरची ती पिवळी चिठ्ठी काल मामांनी स्वतःच्या हाताने काढली. चिठ्ठी जुनी, डिंक पक्का, निघेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “जरा ओलं फडकं घेऊ का?”